बैठकीच्या मध्यभागीं

नवें बिऱ्हाड मांडतांना सामानाच्या खरेदीचा एक ठराविक क्रम बहुतेक घरीं दिसून येतो. पलंगासाठीं चार दुकानें पालथीं घातलीं जातात, कपाटाच्या कड्या-बिजागऱ्या हात लावून पाहिल्या जातात, सोफ्याच्या कापडाच्या रंगावरून पतिपत्नींत दोन दिवस अबोलासुद्धां होतो, आणि हें सगळें आटोपून टेम्पो दाराशीं उभा राहिला म्हणजे दुकानदार एका बुटक्या मेजाकडे बोट दाखवून विचारतो, "आणि हा टीपॉय?" "असूं द्या," असें उत्तर येतें आणि ती वस्तु घरांत येते. दिवाणखान्याच्या अगदीं मध्यभागीं जी मांडावयाची, जिच्याकडे घरांतल्यांचा आणि पाहुण्यांचा हात दिवसांतून कितीदां तरी जावयाचा, तिची निवड अशी सर्वांत शेवटीं आणि सर्वांत थोड्या विचारानें होते.

याचें फळ लौकरच पदरांत पडतें. तीन महिन्यांच्या आंत त्या मेजावर जुन्या वर्तमानपत्रांची चळत, दूरचित्रवाणीचीं नियंत्रणें, औषधांच्या पट्ट्या आणि भ्रमणध्वनीच्या तारा यांची वसाहत होते. पाहुणे आले म्हणजे गृहिणी एका हातावर कपांचा ट्रे तोलून दुसऱ्या हातानें पसारा सारते. आजोबांची नडगी कोपऱ्यावर आपटते, रांगतें मूल त्याच कोपऱ्याकडे झेपावतें, आणि रात्रीं अंथरूण घालावयाच्या वेळीं तें जड धूड कोठें सरकवावें हा प्रश्न रोज नव्यानें उभा राहतो. एवंच, बैठक सुखाची होणें किंवा न होणें हें पुष्कळसें या एका लहान वस्तूवर अवलंबून असतें. तेव्हां तिचा स्वतंत्र विचार करणें अस्थानीं ठरूं नये.

टीपॉय हा शब्द चहाच्या इंग्रजी नांवावरून निघाला असावा, असा अनेकांचा समज आहे. खरी हकीकत उलट आहे. चार पायांची ती चारपाई, तशी तीन पायांची ती तिपाई. मराठींतील तिवई ही तिचीच बहीण. हा तिपाई शब्द एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रजांनीं उचलला. त्यांच्या कानाला त्यांत चहा ऐकूं आला, आणि एका खांबावर उभ्या केलेल्या, चहाची पत्ती ठेवण्याच्या पेटीलाहि ते टीपॉय म्हणूं लागले. हाच शब्द पुढें इंग्रजी टोपी घालून स्वदेशीं परत आला आणि आतां चार पायांच्या, सहा पायांच्या, किंबहुना पायच नसलेल्या चौकोनी ठोकळ्यालाहि तो लावला जातो. नांवाची ही फिरती विनोदी खरी, परंतु तिच्यांत एक बोधहि आहे. तिपाई ही मूळची हलकी वस्तु; कामापुरती पुढें यावयाची आणि काम संपतांच भिंतीशीं जावयाची. टीपॉय निवडतांना त्याच्या या जन्मस्वभावाचा विसर पडतो, तेथूनच पुष्कळशा अडचणींना आरंभ होतो.

जुन्या मराठी बैठकीच्या मध्यभागीं मेज नव्हतें. भिंतीच्या कडेनें गाद्या, त्यांवर स्वच्छ चादरी, पाठीशीं लोड आणि तक्के, आणि मधली जागा मोकळी, अशी ती मांडणी असे. पानसुपारीचें तबक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जाई. त्या बैठकींत माणसें स्थिर आणि वस्तु फिरती होती. खुर्ची आणि कोच घरांत आल्यावर माणसाचें आसन जमिनीपासून दीड फूट वर गेलें, आणि हातांतली वस्तु जमिनीवर ठेवण्याची सोय नाहींशी झाली. त्याच सुमारास चहाचा प्रसार वाढूं लागला. १९०३ सालच्या कायद्यानें निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवून त्याच्या प्रचारासाठीं पैसा उभारण्यांत आला होता, आणि पुढील कांहीं दशकांत हें पेय शहरांतल्या मध्यमवर्गाच्या घरोघरीं पोंचलें. विडा हातांत धरून गप्पा मारतां येतात. कढत कपबशी फार वेळ धरतां येत नाहीं. तिला टेकण्यासाठीं जागा हवी. ही गरज भागविण्यासाठीं बैठकीच्या मध्यभागीं मेज आलें.

पाश्चात्त्य घरांतहि सोफ्यासमोरचें बुटकें मेज हें कांहीं फार पुरातन नव्हे. तेथें चहाचीं मेजें पूर्वीं चांगलीं उंच असत. सोफ्याच्या बैठकीहून ठेंगणें मेज सर्वत्र रूढ झालें तें विसाव्या शतकांत. इसामु नोगुची या शिल्पकाराचें, लांकडाच्या दोन वळणदार तुकड्यांवर जाड कांच टेकविलेलें मेज अमेरिकेंत १९४७ सालीं विक्रीस आलें, आणि त्याच्या प्रतिकृति आज मुंबई-पुण्याच्या दुकानांतहि दिसतात. तें सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु प्रशस्त दालनांत जें शोभतें तें दहा फुटांच्या खोलींत अडचण होऊन बसूं शकतें. म्हणून निवडीला आरंभ दुकानांत न करतां घरींच करावा, आणि तो डोळ्यांनीं न करतां फूटपट्टीनें करावा.

पहिलें माप उंचीचें. सोफ्याची बैठक बहुधा सोळा ते अठरा इंच उंच असते. टीपॉय तिच्या बरोबरीचा किंवा एक-दोन इंच ठेंगणा असावा. त्याहून उंच झाला तर बसलेल्याचें कोपर अवघडतें. फार बुटका झाला तर कप उचलण्यासाठीं कमरेंत वांकावें लागतें, आणि ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखते अशा वडीलधाऱ्यांस तें जाचतें. दुसरें माप अंतराचें. सोफ्याची कड आणि टीपॉयची कड यांमध्यें चौदा ते अठरा इंच जागा राहिली म्हणजे पाय सुखानें मावतात आणि हातहि पोंचतो. तिसरें माप लांबीचें. सोफ्याच्या लांबीच्या सुमारें दोन-तृतीयांश लांबीचा टीपॉय डोळ्यांस प्रमाणशीर वाटतो, आणि सोफ्याच्या दोन्ही टोकांस बसलेल्यांना तो सारखाच जवळ पडतो.

हीं मापें कागदावर सोपीं दिसतात. खोलींत त्यांची कसोटी लागते. शहरांतील बेताच्या सदनिकेंत दिवाणखान्याची रुंदी दहा फूट धरावी. त्यांतले तीन फूट सोफा घेतो, दीड फूट पायांसाठीं सुटते, आणि समोरच्या भिंतीशीं दूरचित्रवाणीचें दीड फूट खोल कपाट उभें असतें. शिल्लक उरले चार फूट. दोन फूट रुंदीचा टीपॉय तेथें मांडला तर जाण्यायेण्यास दोनच फूट राहतात, आणि दोन माणसें समोरासमोर आलीं कीं एकास थांबावें लागतें. तोच टीपॉय दीड फूट रुंदीचा निवडला तर वाट अडीच फुटांची होते. सहा इंच ही बाब दुकानांत क्षुल्लक वाटते. घरांत तीच रोज जाणवते.

यावर एक बिनखर्चाची युक्ति आहे. पसंत पडलेल्या मेजाची लांबी-रुंदी लिहून आणावी, तेवढ्या मापाचीं जुनीं वर्तमानपत्रें एकास एक जोडून सोफ्यासमोर जमिनीवर पसरावीं, आणि दोन दिवस तशींच राहूं द्यावीं. घरांतील मंडळी कागदावर पाय न देतां सहज वावरत असतील तर माप बरोबर आहे. दिवसांतून दहा वेळां कागद तुडविला जात असेल तर तेथें मेज आल्यावर तितकेच वेळां ठेंच लागणार हें निश्चित.

खोली फारच लहान असेल तर एकच मोठा टीपॉय घेण्याचा आग्रह सोडून द्यावा. एकाच्या पोटांत एक बसणारीं तीन लहान मेजें मिळतात. ही कल्पना बरीच जुनी असून टॉमस शेरटन या इंग्रज रचनाकारानें १८०३ सालच्या आपल्या कोशांत अशा चार मेजांच्या संचाची नोंद केली आहे. एरव्हीं तीं एका मेजाची जागा घेतात. चार पाहुणे आले कीं तीं निघून ज्याच्या त्याच्या हाताशीं जातात. जुन्या तबकाचा फिरता स्वभाव या मेजांनीं थोडासा तरी जपला आहे.

मराठी घरासंबंधीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. येथला दिवाणखाना दिवसभर एकच काम करीत नाहीं. सकाळीं तेथें अभ्यास चालतो, संध्याकाळीं पाहुणे बसतात, रात्रीं त्याच जागेंत गाद्या पडतात. चैत्रांत हळदीकुंकू, भाद्रपदांत गणपतीची आरास, एखादें बारसें, एखादें भजन, अशा प्रत्येक प्रसंगीं खोलीचा मध्यभाग रिकामा करावा लागतो. जो टीपॉय हलविण्यास दोन पुरुष लागतात तो अशा घरांत पाहुणा नसून कूळ होऊन बसतो. सासूबाईंना किंवा शाळेंतल्या मुलीला तो एकटीनें उचलतां किंवा सरकवितां आला पाहिजे, ही कसोटी खरेदीच्या वेळीं दुकानांतच लावून पाहावी. चाकें असलेला टीपॉय या दृष्टीनें सोयीचा. मात्र चाकांना अटकाव नसेल तर म्हाताऱ्या माणसानें उठतांना आधारासाठीं हात टेकतांच तो निसटतो, आणि हा धोका लहान नाहीं.

ज्या घरांत अद्याप भारतीय बैठक आहे, तेथें सोफ्याच्या मापांचा टीपॉय निरुपयोगी होय. गादीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या छातीशीं मेज येतें आणि समोरचा माणूस त्यापलीकडे झांकला जातो. अशा बैठकीस दहा ते बारा इंच उंचीचें मेज पुरें. आणि तें मुद्दाम विकत आणण्यापूर्वीं घरांतल्या चौरंगाकडे एकदां पाहावें. पूजेचा चौरंग पूजेसाठींच राखावा हें योग्य. परंतु त्याच घडणीचा दुसरा चौरंग सुतारास सहज करतां येतो, आणि त्या मांडणींत तो परका वाटत नाहीं.

आतां लांकडाविषयीं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतलें सागवान प्रसिद्ध आहे. सागाच्या अंगीं नैसर्गिक तेल असल्यामुळें वाळवी त्याला सहसा लागत नाहीं, आणि कोंकण-मुंबईच्या पावसाळ्यांतहि तें फारसें फुगत नाहीं. शिसवी अधिक जड आणि काळसर. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कारागिरांनीं शिसवीच्या कोरीव सामानाला मोठा लौकिक मिळवून दिला होता. सहारनपूरचीं नक्षीदार मेजेंहि अनेक घरीं हौसेनें आणलीं जातात. नक्षी डोळ्यांस सुखविते. परंतु तिच्या प्रत्येक पाकळींत धूळ बसते आणि ती काढण्याचें काम नक्षीची स्तुति करणाऱ्याकडे बहुधा नसतें. ज्या फळीवर कप ठेवावयाचे ती तरी सपाट असावी; नक्षी कडेला किंवा पायांवर शोभेल. प्लायवुडचें मेज स्वस्त आणि नीटनेटकें असतें. फक्त त्याच्या कडा बंद केलेल्या आहेत कीं नाहींत हें बोट फिरवून पाहावें, कारण पाणी कडेंतूनच आंत शिरतें आणि थर सुटूं लागतात.

लांकडाइतकेंच महत्त्व त्यावरच्या झिलईला आहे. पुष्कळांच्या आवडीची जुनी चकाकती झिलई लाखेची असते. लाख स्पिरिटांत विरघळवून कापडाच्या बोळ्यानें ती थरावर थर चढवितात. तिचें तेज मोठें मुलायम, परंतु उष्णता आणि ओल तिला सोसत नाहीं. कढत कप तसाच ठेवला कीं वाफेची ओल झिलईंत शिरून पांढरें वर्तुळ उमटतें. हल्लींच्या पॉलियुरेथेनच्या झिलया या बाबतींत पुष्कळ टणक असतात. संगमरवराचें दुखणें निराळें आहे. तो मूळचा चुन्याच्या जातीचा दगड. लिंबाचें सरबत, कोकम किंवा ताक त्यावर सांडलें तर त्यांतल्या आम्लानें दगडाचें तेज त्या जागीं मरतें, आणि नुसत्या पुसण्यानें तें परत येत नाहीं. हळदीचा डागहि त्याला चटकन् धरतो. ज्या घरांत पोहे आणि सरबत यांनीं स्वागत होतें तेथें संगमरवरापेक्षां ग्रॅनाइट अधिक सोशीक ठरतो, पण त्याच्या वजनाचा विचार आधीं केलेला बरा.

कांचेच्या मेजाचा एक गुण निर्विवाद आहे. नजर त्यांतून आरपार जात असल्यानें लहान खोलीहि भरल्यासारखी वाटत नाहीं. परंतु बोटांचा प्रत्येक ठसा त्यावर उमटतो, आणि साधी कांच फुटली तर तिचे सुरीसारखे तुकडे होतात. म्हणून टफन्ड कांचच मागून घ्यावी; ती फुटलीच तर तिचे बारीक, बोथट दाणे होतात. घरांत रांगतें मूल असेल तर कांच आणि धारदार कोपरे या दोहोंसहि कांहीं वर्षें रजा द्यावी. गोल किंवा लंबवर्तुळाकार टीपॉय अशा घरांत सर्वांत निर्धोक. ज्येष्ठांच्या दृष्टीनेंहि तोच बरा, आणि त्यांची नजर मंद असेल तर मेजाचा रंग फरशीच्या रंगांत मिसळून जाणारा नसावा. पांढऱ्या फरशीवर पांढरें मेज छायाचित्रांत सुरेख दिसतें. तिन्हीसांजेला दिवा लावण्यापूर्वीं तें दिसतच नाहीं.

मेज घरीं आलें म्हणजे त्याच्या सजावटीचा प्रश्न येतो. सजावटीच्या पुस्तकांत मेजावर पुष्पपात्र, मेणबत्त्या, जाड पुस्तकांच्या राशि, शंख-शिंपले, लहान मूर्ति असें सारें कांहीं मांडलेलें दिसतें. फक्त चहा पिणारा माणूस त्या चित्रांत कोठें दिसत नाहीं. वस्तुतः बैठकींतल्या मेजाच्या सजावटीचा पहिला नियम असा कीं, त्याचा निदान अर्धा भाग सदैव रिकामा राहावा. ती रिकामी जागा म्हणजे येणाऱ्यासाठीं आधींच मांडून ठेवलेला पाट होय. भरलेलें मेज पाहुण्याला न बोलतां सांगतें कीं, तुमची अपेक्षा नव्हती.

उरलेल्या अर्ध्या भागांत दोन-तीन वस्तु पुष्कळ झाल्या. त्या सुट्या ठेवण्यापेक्षां एका तबकांत ठेवाव्यात. पसाऱ्याला कडा मिळाली कीं तोच मांडणीसारखा दिसूं लागतो, आणि वेळ पडल्यास तबकच उचलून बाजूला करतां येतें. यासाठीं बाजारांतून नवा ट्रे आणण्याचें कारण नाहीं. अनेक घरांच्या माळ्यावर आजीच्या वेळचें पितळी तबक कापडांत गुंडाळून पडलेलें असतें. चिंच लावून तें घासलें कीं त्याला सोन्याची कळा येते. त्यांत एका लहानशा वाटींत मोगऱ्याचीं चार फुलें, वाचावयास घेतलेलें एखादें पुस्तक आणि कपाखालीं ठेवण्याच्या चकत्या एवढें मांडलें म्हणजे मेज सजलें. फुलदाणी ठेवावयाची तर ती बसलेल्या माणसाच्या डोळ्यांहून ठेंगणी असावी. फुलांच्या आडून बोलणें कोणालाच रुचत नाहीं. क्रोशाच्या विणकामाचा रुमाल घालण्याची जुनी चाल अनेक घरीं अजून आहे. ती मोठी गोड आहे. मात्र रुमाल मेजाच्या कडेखालीं लोंबता ठेवूं नये, कारण लहान मुलाला तो ओढण्याचें निमंत्रणच वाटतें आणि त्यामागून कढत चहा अंगावर येतो.

वर्तमानपत्रें, चष्म्याचें घर, दूरचित्रवाणीचें नियंत्रण या नित्याच्या वस्तूंना घरांतून हद्दपार करतां येत नाहीं, आणि करण्याचें कारणहि नाहीं. त्यांच्यासाठीं खालीं एक फळी किंवा उथळ खण असलेला टीपॉय निवडावा. खण फार खोल मात्र नसावा. खोल खणांत वस्तु जाते आणि वर्षांनीं सांपडते.

राहतां राहिला प्रश्न खर्चाचा. घर सजविण्याची हौस आणि घरखर्चाची वही यांचें सख्य थोडें असतें. पण या एका बाबतींत किंमत आणि उपयोग यांचा फारसा संबंध नाहीं. जुन्या पलंगाच्या शाबूत फळ्यांतून ओळखीच्या सुतारानें केलेला, मापास बरोबर, कडा गोल केलेला साधा टीपॉय हा दहापट किमतीच्या, पण दोन इंच उंच आणि सहा इंच रुंद झालेल्या मेजाहून अधिक सुख देतो. त्या फळ्यांना घरचा इतिहास असतो हा लाभ वेगळाच.

टीपॉय चांगला साधला कीं नाहीं हें ओळखण्याची खूण अखेरीस एकच आहे, आणि ती पाहुण्याच्या हातांत कप दिल्यावर दिसते. दोन घोट घेऊन झाल्यावर बोलण्याच्या भरांत कप खालीं ठेवावा असें त्याला वाटतें. त्या क्षणीं त्याची नजर जागा शोधीत इकडेतिकडे फिरली, किंवा "राहूं द्या, धरतो हातांतच," असें तो संकोचानें म्हणाला, तर मेज कितीहि मोलाचें असलें तरी तें फसलें. त्याचा हात नकळत पुढें झाला, कप टेकला आणि वाक्य मध्यें न तुटतां पुढें चालू राहिलें, तर त्या मेजानें आपलें काम चोख केलें. मग त्याच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं तरी बिघडत नाहीं.